यंदाही डायरी नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

डिसेंबरचा पंधरवडा उलटला की आमच्या ऑफिसचा फोन सुरू होतो, "काय शेठ, डायरी कधी पाठवताय?" तिसरं वर्ष झालं तरी तेच. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास समजावून सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवू म्हटलं. ज्यांना आम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी, आमची भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक होज आणि फिटिंगची छोटी पार्टनरशिप फर्म आहे, माणसं एकोणीस, त्यात मी आणि माझा मेहुणा पार्टनर. नवीन वर्षाला ग्राहकांना आमच्या नावाच्या डायऱ्या, कॅलेंडरं, पेनं फुकट पाठवायचो, ते बंद करून ते पैसे आता दान करतो. खालचे सगळे प्रश्न खरोखर कुणी ना कुणी विचारलेले आहेत, दोन-तीन तर माझ्या बायकोनेच.

डायरी खरंच कायमची बंद? की मंदी आहे म्हणून?

कायमची बंद, आणि मंदीचा काही संबंध नाही. झालं असं की ऑगस्ट २०२३ मध्ये मी चाकणला एका जुन्या ग्राहकाकडे बसलो होतो, त्यांच्या कपाटात वरच्या खणात डायऱ्यांची चळत, बँकेची, इन्शुरन्सवाल्याची, बेअरिंगवाल्याची, आणि मध्येच आमच्या तीन, तीन वेगवेगळ्या वर्षांच्या, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या. साहेब हसून म्हणाले घेऊन जा पाहिजे तर, मुलांना रफ वहीला होतील. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. दहा-अकरा वर्षं आपण हे करतोय आणि कुणासाठी? कव्हरवर आपलं नाव सोनेरी अक्षरात बघून आपल्यालाच बरं वाटतं, एवढंच. केंद्र सरकारने तर सप्टेंबर २०२० मध्येच आपल्या खात्यांना डायऱ्या-कॅलेंडरं छापणं बंद करायला सांगितलं होतं, आम्हाला कळायला तीन वर्षं लागली.

एवढे किती पैसे होते त्यात?

लपवण्यासारखं काही नाही. ४०० डायऱ्या साधारण १९० रुपयाने म्हणजे ७६,०००. ६०० कॅलेंडरं २७,०००. ५०० पेनं १६,०००, त्यातली निम्मी मार्चपर्यंत लिहायची बंद व्हायची ते सोडा. कुरिअरचे १८,०००. आणि दिवाळीत पंचवीस मोठ्या ग्राहकांना ड्रायफ्रूटचे बॉक्स, २७,५००. एकूण १,६४,५००. मेहुण्याला हा आकडा दाखवला तर म्हणाला एवढ्यात सेकंडहँड क्रिम्पिंग मशिनचं (होजवर फिटिंग दाबून बसवणारं) डाऊन पेमेंट झालं असतं. बरोबर आहे त्याचं. पण मशिनला जोडायचे असते तर आधीच जोडले असते, हे पैसे दरवर्षी "देऊन टाकायचे" म्हणूनच बाजूला पडायचे, तर म्हटलं खरंच देऊन टाकू.

मग ते पैसे गेले कुठे?

दीड लाख दान, उरलेल्यात तिळगूळ (खाली येतंय ते). कुणाला द्यायचे ह्यासाठी स्टाफकडून चिठ्ठ्या घेतल्या, जेवणाच्या सुट्टीत, एका रिकाम्या डब्यात. दोन नावं वर आली. एक लाख विद्यार्थी साहाय्यक समितीला, पुण्यातल्या वाचकांना सांगायला नकोच, १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली, खेड्यातून शिकायला आलेल्या मुलामुलींची वसतिगृहं चालवते. आमच्या शॉप फ्लोअरवरची निम्मी पोरं बीड, लातूर, धाराशिवकडची, पुण्यात कॉट बेसिसवर राहून डिप्लोमा करणं म्हणजे काय हे त्यांना विचारा. दुसरं, पन्नास हजार दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेला. आमच्या एका हेल्परची आई परळला टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या ट्रीटमेंटला होती तेव्हा मायलेकरं तिथेच राहिली होती. त्याने चिठ्ठीवर फक्त "दादर" एवढंच लिहिलं होतं, मला आधी कळेचना.

आनंदवन, क्राय, गूंज अशा नावाजलेल्या संस्था सोडून ह्याच का?

त्यांच्याबद्दल आदरच आहे. खरं तर लहानपणी आमच्या घरी नववर्षाची ग्रीटिंग कार्डं क्रायचीच यायची, १९७९ मध्ये रिपन कपूरने मुंबईत पन्नास रुपयांवर सुरू केलेली संस्था ती, कार्ड विकून किती मोठं काम उभं राहतं हे आमच्या पिढीने बघितलंय. आनंदवनची कार्डं पण अशीच. पण आपल्याला जाऊन बघता येईल, चहा पिता येईल, "पैसे पोचले का हो" असं विचारता येईल एवढ्या अंतरावर द्यायचं असं ठरलं होतं. दीड लाख मोठ्या संस्थेत कुठे मिसळून गेले कळणार नाही, छोट्या ठिकाणी दोन महिन्यांचं लाईट बिल निघतं. हे आमचं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

दिवाळीत न देता जूनमध्ये का देता?

हे आम्हाला संस्थेतल्या एका ताईंनीच शिकवलं. कुठली संस्था ते सांगत नाही कारण त्या संकोचून बोलत होत्या. म्हणाल्या, "दादा, दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडे पाच जण फराळ घेऊन येतात, पंधरा ऑगस्टला तीन जण जिलेबी, मुलं अक्षरशः कंटाळतात गोड खाऊन, आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना दप्तर, वह्या, फी, एसटीचे पास सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा कुणी फिरकत नाही." एवढं ऐकल्यावर आम्ही तारीख बदलली. पैसे जानेवारीतच वेगळ्या खात्यात काढून ठेवतो, नाहीतर एप्रिलमध्ये जीएसटी भरताना हात जातोच तिकडे, खोटं कशाला बोलू.

हे सगळं टॅक्स वाचवायला ना?

हा सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न, आणि विचारणारा डोळा मारूनच विचारतो. ऐका मग, टॅक्सच्या दृष्टीने डायरीच परवडते. डायरी, पेन हा जाहिरातीचा खर्च, तो धंद्याचा खर्च म्हणून पूर्ण वजा होतो. दान धंद्याचा खर्च धरत नाहीत, त्याला ८०जी, म्हणजे आयकर कायद्यातलं दानाच्या वजावटीचं कलम. त्यात बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेची निम्मीच वजावट मिळते, आणि तीही आपल्या ठरावीक पद्धतीने मोजलेल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या आतच. आमच्यासारख्या फर्मला ३० टक्के अधिक सेस म्हणजे ३१.२ टक्के टॅक्स. दीड लाखाच्या डायऱ्या वाटल्या असत्या तर ४६,८०० वाचले असते, दीड लाख दान केले तर २३,४००. म्हणजे दान केल्याने सरळ सरळ २३,४०० रुपये जास्त टॅक्स. डोळा मारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

एक बाजू मात्र दुसरीकडे झुकते. फुकट वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करणं) मिळत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच), निदान आमच्या सीएने तरी कधी घेऊ दिलं नाही. शिवाय जुलै २०२२ पासून एकाच पार्टीला वर्षात २०,००० च्या वर भेटवस्तू गेल्या तर त्यावर १० टक्के टीडीएसची (देणाऱ्याने आधीच टॅक्स कापून भरायचा) भानगड आहे. आमचं डायरीचं प्रकरण तिथपर्यंत जाणारं नव्हतं, पण काही डीलर लोकांना सोन्याचं नाणं, थायलंडची ट्रिप असलं काही देतात त्यांना विचारा.

आणि रोख देऊ नका. २,००० च्या वर कॅश दिली की ८०जीचा फायदा गेला. वस्तू दिल्या तरी तो मिळत नाही, पैसेच हवेत, चेक, ऑनलाईन काहीही. पॅन द्यायचा, संस्था वर्ष संपल्यावर तिचं स्टेटमेंट भरते आणि तुम्हाला सर्टिफिकेट देते, आमचं मे महिन्याच्या शेवटी आलं. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, बाजारात लोक अजून ८०जीच म्हणतात त्यामुळे मी पण तसंच लिहिलंय. ज्यांनी कमी दराची नवीन टॅक्स पद्धत घेतलीय त्यांना ही वजावट साधारण मिळतच नाही, आधी सीएला फोन करा, मग उदार व्हा.

म्हणजे हा तुमचा सीएसआर का?

अहो नाही हो. सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकामावर करायचा सक्तीचा खर्च, तो कंपनी कायद्यातला, कलम १३५, ५०० कोटी नेट वर्थ किंवा १,००० कोटी टर्नओव्हर किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना. तिथे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावेच लागतात. आम्ही त्या कुंपणाच्या बाहेर, खूपच बाहेर. तरी मेहुणा मागच्या वर्षी एका लग्नात कुणाला तरी "आमचं सीएसआर" म्हणाला, मी ऐकलं, गप्प बसलो.

संस्था खरी आहे हे कसं कळतं?

कागद बघायचे आणि जाऊन यायचं, दोन्ही. महाराष्ट्रात ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर असतो, तो मागायचा. ८०जीचं सर्टिफिकेट मागायचं आणि त्यावरची मुदत बघायची, कारण २०२१ नंतर सगळ्यांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि ती कायमची नसते, काही संस्थांकडे अजून जुनाच कागद फ्रेम करून लावलेला असतो. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (तिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद असते) नाव आहे का बघायचं. मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागायचा, चांगल्या संस्थेला ह्याचा राग येत नाही, उलट खुर्ची पुढे करतात.

पण कागदापेक्षा मला एका गोष्टीने जास्त कळतं. तिथे जाऊन विचारायचं, "तुम्हाला काय नको?" लगेच उत्तर आलं, म्हणजे जुने कपडे नकोत, तांदूळ खूप झालाय, कंप्युटर नकोत दुरुस्त कोण करणार, तर समजायचं की इथे कुणीतरी रोज काम करतंय. "काहीही द्या, सगळं चालतं" म्हणणाऱ्यांकडे आम्ही दोनदा विचार करतो.

आमच्या नावाने दान केलंत का? आम्हाला सर्टिफिकेट मिळेल?

नाही, आणि मुद्दामच नाही. काही कंपन्या "आपल्या नावे अमुक झाड लावलं" असं कार्ड पाठवतात, मला ते पटत नाही. पैसे आमचे, पावती आमच्या नावाने, वजावट आम्ही घेणार आणि नाव तुमचं लावून तुमच्यावरच उपकार? पहिल्या वर्षी आम्ही पण एक गुळगुळीत कार्ड छापायला निघालो होतो, "आपल्या सहकार्याने हे शक्य झाले" वगैरे, नमुना बघितल्यावर लक्षात आलं की ही डायरीच आहे, फक्त पातळ. त्याऐवजी डिसेंबरच्या बिलांसोबत साध्या कागदावर चार ओळी पाठवल्या, डायरी बंद केली, पैसे इथे दिले, किती दिले, बस. संस्थेतल्या मुलांसोबत मोठा चेक धरून फोटो पण काढला नाही.

त्यापेक्षा आम्हाला डिस्काउंट द्या ना!

हे सांगलीच्या एका डीलर काकांनी विचारलं, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. हिशोब करून दाखवला त्यांना. साधारण ४०० ग्राहक, १,६४,५०० रुपये, माणशी वर्षाला ४११ रुपये. काका म्हणाले, "एवढ्यात तर एक फिटिंग येत नाही." म्हटलं तेच तर. तरी दोन महिने जरा फुगूनच होते, डायरीत ते देवघराचा हिशोब लिहायचे म्हणे. शेवटी मी स्वतः एक चांगली वही घेऊन गेलो, आमचं नाव नसलेली. आता परत बोलतात.

सेल्सच्या मुलांचं काय? त्यांना भेटायला निमित्त लागतं.

ह्याचा आम्ही आधी विचारच केला नव्हता, आणि पहिल्या वर्षी फटका बसला. डायरी ही वस्तू फालतू असेल पण जानेवारीत ती हातात घेऊन पोरं गेटवर उभी राहायची, सिक्युरिटी आत सोडायचा, स्टोअरमध्ये दोन मिनिटं बोलणं व्हायचं, तिथूनच "अरे ते अर्ध्या इंचाचे होज किती दिवसात देशील" असं निघायचं. २०२४ च्या जानेवारीत पोरं रिकाम्या हाताने गेली आणि गेटवरूनच परत आली. आमचा सीनियर पोरगा सरळ म्हणाला, "सर, तुमचं पुण्य झालं, माझं टार्गेट बुडालं."

म्हणून संक्रांत. १४ जानेवारीच्या आसपास कागदी पुडीत तिळगूळ, वडगावच्या एका बचत गटाकडून करून घेतो, पाव किलो पण नसतो एका पुडीत. तिळगूळ घेऊन आलेल्या माणसाला गेटवर कुणी अडवत नाही. संपतो पण दोन मिनिटांत, कपाटात चळत लागत नाही. सगळा खर्च त्या उरलेल्या साडेचौदा हजारांत बसतो.

मोठ्या कंपन्यांचे परचेसवाले नाराज झाले?

उलट सुटले बिचारे. ऑटो कंपन्या हल्ली दिवाळीआधी व्हेंडरना पत्रच पाठवतात की कृपया भेटवस्तू पाठवू नका, आणि आम्ही तरी ड्रायफ्रूटचा बॉक्स "घरच्या पत्त्यावर पाठवू का साहेब" असं विचारायचो. आता लिहिताना लाज वाटते. एक-दोघांना बॉक्सची सवय होती, त्यांनी टोमणा मारला, ऑर्डर काही थांबली नाही. थांबली असती तर ती बॉक्सवरच चालू होती म्हणायची.

इतकी वर्षं डायरी छापणाऱ्या प्रिंटरचं काय झालं?

हे विचारणारा आजवर एकच माणूस भेटला, आणि ह्याचं माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान, आमची ऑर्डर त्यांच्यासाठी लहान नव्हती. ऑगस्टमध्येच जाऊन सांगितलं, कागद मागवायच्या आधी, म्हणजे अंगावर माल पडला नाही. कॅटलॉग, चलन बुकं आणि बॉक्सवरची स्टिकरं आता त्यांच्याकडेच देतो. पण खरं सांगायचं तर डायरीएवढं काम त्यातून होत नाही. आमच्या दानाचे काही पैसे त्यांच्या खिशातून गेले असं कुणी म्हटलं तर मला वाद घालता येणार नाही.

स्टाफच्या दिवाळीतून कापलं का काही?

एक रुपया नाही. बोनस, मिठाई, सगळं पहिल्यासारखंच. ज्यांना स्टाफचा बोनस वेळेवर देता येत नाही त्यांनी आधी तो द्यावा आणि मग दानाचं बघावं, हे माझं ठाम मत आहे.

गणपतीची वर्गणी ह्यातूनच?

नाही. मंडळाची पोरं येतात, वर्गणी मी माझ्या खिशातून देतो. कमानीवर नाव पाहिजे असेल तर ती जाहिरात, ते पैसे जाहिरातीच्या खात्यातून. राजकीय पक्ष, कुठल्याही धर्माचं देवस्थान ह्या पैशातून नाही, कारण आमचे ग्राहक सगळ्या प्रकारचे आहेत आणि मला एकोणीस माणसांत भांडणं नकोत.

कॅलेंडर पण नाही म्हणता, आणि आमच्या भिंतीवर तुमचं कॅलेंडर आहे!

पकडलंत. कॅलेंडरवर आम्ही हार मानली. डायरी गेल्याचं दुःख साहेब लोकांना, कॅलेंडर गेल्याचं शॉप फ्लोअरला, आणि हे दुःख खरं होतं. कालनिर्णय १९७३ पासून महाराष्ट्राच्या भिंतीवर आहे, त्याच्या मागे दुधाचा हिशोब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या दांड्या, सगळं असतं, फुकट मिळणाऱ्या वस्तूंत ते एकच घरात खरंच वापरलं जातं. तर खाली आमच्या नावाची पट्टी असलेल्या त्याच्या दीडशे प्रती घेतो, जो मागेल त्यालाच, आणि तो खर्च दानाच्या पैशातून नाही.

माझा भाऊ अमेरिकेत आहे, त्याला पण ह्यात पैसे टाकायचेत.

आमच्या खात्यात नको, त्याने थेट संस्थेला द्यावेत, आणि आधी पासपोर्ट बघावा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर अडचण नाही. नागरिकत्व बदललं असेल तर ते परदेशी पैसे धरतात, मग संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जावे लागतात. छोट्या संस्थांकडे ही नोंदणी बऱ्याचदा नसते. भावाच्या चांगुलपणापायी संस्था गोत्यात यायला नको.

आम्हाला पण करायचंय, सुरुवात कुठून?

मागच्या वर्षीची बिलं काढा आणि बेरीज करा, बेरीज बघून जो धक्का बसतो तो उपयोगी पडतो. प्रिंटरला लवकर सांगा. सेल्सवाल्यांना विचारून ठरवा, आमच्यासारखं नंतर नाही. पहिल्या वर्षी सगळं एकदम बंद करायची गरज नाही, पेनं आधी बंद करा, त्यांच्यासाठी कुणी रडत नाही.

जुनी एखादी डायरी शिल्लक आहे का? वर्ष कुठलंही चालेल.

२०२३ च्या सदतीस आहेत. तारीख-वार जुळणार नाहीत, पण कागद चांगला आहे. शनिवारी दुपारी या, गुरुवारी आमच्याकडे लाईट नसते.